दोनशे सत्तावन्नावं गिऱ्हाईक

इंदूरच्या विजयनगरातल्या ऑफिसात पोह्यांचा पुडा नुकताच उघडला होता, तेवढ्यात डेअरीवाल्या काकांचा फोन. एक तारीख, म्हणजे बिलांचा दिवस.

"अरे, नव्या गिऱ्हाइकांनी पैसे भरले तरी बाकी तशीच दिसतेय. जुन्यांचं चोख आहे."

"नवे म्हणजे कोणापासून?"

"खातं दोनशे छप्पनपर्यंत ठीक. सत्तावन्नपासून बोंब."

छप्पन म्हटलं की इंदूरकराला आधी छप्पन दुकान ही खाऊगल्ली आठवते. मला घाम फुटला. वसुलीची फाइल वाचणारा, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड माझाच होता आणि खात्याचा नंबर पावतीवरच्या नंबराशी ताडताना मी == ऐवजी 'इज' लिहून बसलो होतो.

== बघतं किंमत सारखी आहे का. 'इज' बघतं वस्तू तीच आहे का. आपण रोज वापरतो तो पायथन सी भाषेत लिहिलेला आहे. आमच्या सर्व्हरवरची त्याची 3.8 ही आवृत्ती -5 ते 256 हे 262 पूर्णांक सुरू होतानाच घडवून साठ्यात ठेवते आणि मागेल त्याला तेच देते. 257 मात्र फाइलींतून दोनदा वाचला की मेमरीत दोन वेगळे 257. थेट आकड्याशी 'इज' लावलं तर 3.8 पासून इशारा मिळतो. माझ्याकडे दोन्ही बाजूंना व्हेरिएबल, म्हणजे आकड्याऐवजी नावं, त्यामुळे चकार शब्द नाही. आणि माझी टेस्ट? तिच्यात एकाच फंक्शनात 300 दोनदा लिहिला होता. कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी कोडचं भाषांतर करणारा भाग, असे सारखे आकडे एकच करून टाकतो. टेस्ट हसत पास!

दुरुस्ती मिनिटभराची. बिलं गेली, पण चैन पडेना. सर्व्हरवरच्या त्या 3.8 चाच सोर्स, म्हणजे मूळ सी कोड, उतरवला. पूर्णांकांच्या सी फाइलीत वरच एक ओळ, तिच्यात 257 (0 ते 256 मिळून तेवढे आकडे). तिथे 301 केलं, सोर्सपासून पायथन बांधणारं मेक चालवलं आणि जुना, चुकीचाच कोड या पायथनवर सोडला. 257 जुळलं. 300 जुळलं. 301 फिसकटलं.

मग हाव सुटली. साठ्यातला आकडा काढून देणाऱ्या फंक्शनात एक प्रिंटएफ, म्हणजे दर वेळी एक ओळ छापायची आज्ञा, घातला आणि बिल्डच, म्हणजे बांधकामच, मोडलं. मेक अर्ध्यावर हा ताजा पायथन चालवून त्याचं आउटपुट फाइलीत उतरवून घेतं, त्यात माझी बडबड घुसली. ती एररचे संदेश जातात त्या वेगळ्या वाटेला वळवली तेव्हा कुठे पायथन उभा राहिला. प्रॉम्प्ट यायच्या आधीच स्क्रीनभर ओळींचा धबधबा. मी एक अक्षर टाइप केलं नव्हतं, आणि हा आपल्याच कामासाठी त्या साठ्यातून आकडे उपसत होता.

संध्याकाळी काकांना जमेल तसं सांगितलं.

"मग तो आकडा दहा हजार केला असतास तर?"

"तर दहा हजार गिऱ्हाइकं होईपर्यंत माझी चूक कळली नसती, काका."

"तेवढ्या म्हशी कुठून आणू रे?"