मेडिकलच्या काउंटरवर हर्थस्टोन: माझी दोनदा झालेली सुरुवात

आमचं मेडिकल नागपूरला सक्करदऱ्यात आहे, मेन रोडवर नाही, आत गल्लीत. मे महिन्यात दुपारी एक ते साडेचार गल्लीत चिटपाखरू नसते, नौतपा लागला की कुत्रे पण नालीत जाऊन बसतात, आणि मी कूलरसमोर वाळ्याच्या ताटीचा वास घेत जांभया देत बसलेलो असतो. शटर पाडून घरी जाता येते, पण ओआरएस आणि उलटी-जुलाबाचं गिऱ्हाईक नेमकं याच टायमाला धावत येते म्हणून उघडं ठेवावं लागते. तर मागच्या उन्हाळ्यात अमरावतीचा माझा भाचा सुट्ट्यांमध्ये आला होता, बारावी झालेला, तो काउंटरच्या आत स्टुलावर बसून मोबाईलवर पत्ते फेकून राहिला होता. मला वाटलं रमी. म्हटलं, अबे पैसे लावून खेळतो का, ताईला सांगू का? तो म्हणे मामा हे रमी नाही, हे हर्थस्टोन आहे, आणि यात पैसे लागत नाही. (नंतर लागले. माझे. ते पुढे येईलच.)

हर्थस्टोन म्हणजे ब्लिझार्ड कंपनीचा पत्त्यांचा गेम, २०१४ चा, म्हणजे तसा जुनाच. पात्रं सगळी त्यांच्याच वॉरक्राफ्टच्या दुनियेतली, जादूगार, शिकारी, राक्षस वगैरे. भाचा सांगे की या सगळ्या प्रकाराचा आजोबा म्हणजे मॅजिक नावाचा खऱ्या कागदी पत्त्यांचा गेम, १९९३ सालचा, हे सगळे त्याचेच नातू-पणतू. मला त्या राक्षसांशी काही घेणं नव्हतं पण पत्ते म्हटलं की माझे कान टवकारतात. लहानपणापासून मेंढीकोट, पाच-तीन-दोन, जजमेंट सगळं खेळलेला माणूस, लग्नाच्या आदल्या रात्री पण डाव टाकला होता. म्हणून मनात म्हटलं हे पोट्टे जे खेळून राहिले ते आपल्याला काय जड आहे.

जड गेलं ना भाऊ.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या पत्त्यात ५२ पानं सगळ्यांची सारखी, नशीब वाटून येते. इथे ज्याने त्याने आपापली गड्डी घरून बांधून आणायची, ३० पत्त्यांची. एकच पत्ता जास्तीत जास्त दोनदा घेता येतो आणि लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ प्रकारचा असेल तर एकदाच. दोघांचेही ३० हेल्थ, समोरच्याचे शून्य केले की जिंकलो. आणि पत्ता टाकायला मॅना लागतो, म्हणजे त्या पत्त्याची किंमत, पहिल्या पाळीला १, दुसऱ्या पाळीला २, असं करत करत १० पर्यंत, दर पाळीला आपोआप भरतो. भाच्याने हे सगळं एका दमात सांगितलं आणि मी हाव हाव करत मान हलवली, डोक्यात काहीच शिरलं नव्हतं.

गेम मोठा आहे, काही जीबीचा, दुकानाच्या वायफायवर सकाळी लावला तो दुपारी उतरला. लॉगिन करताना एका ठिकाणी रीजन विचारला, अमेरिका, युरोप, आशिया असं काहीतरी. त्याच वेळी एक बाई शुगरच्या गोळ्या घ्यायला आल्या, मी एका हाताने चिठ्ठी घेतली आणि दुसऱ्या हाताने जे बोटाखाली आलं ते दाबून टाकलं. हे लक्षात ठेवा, यानेच माझा घात केला.

मग ते शिकवणीचे डाव, ते सोपे आहे, बाण ओढून दाखवतात, कॉम्प्युटर मुद्दाम हरते. त्यानंतर आठवडाभरासाठी उसने डेक, म्हणजे तयार बांधलेल्या गड्ड्या मिळाल्या, खेळून पाहा आणि शेवटी त्यातला एक फुकटात कायमचा ठेवा. इथे माझी पहिली गंमत झाली. मी प्रीस्ट, म्हणजे पुजाऱ्याचा क्लास निवडला (क्लास म्हणजे आपला हिरो कोणत्या प्रकारचा ते). का, तर त्याची पॉवर आहे २ मॅनामध्ये २ हेल्थ बरी करायची. मेडिकलवाल्याला अजून काय पाहिजे! आठ दिवस मी नुसता उपचार करत बसलो, माझा हिरो ठणठणीत, समोरच्याचा पण ठणठणीत, आणि पंधराव्या-सोळाव्या पाळीला तो एखादा डोंगराएवढा राक्षस काढून मला दोन फटक्यात झोपवायचा. प्रीस्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही, खेळणारे त्याच्यावर लय वर जातात, पण तो डोकं लागणारा डेक आहे आणि माझ्याजवळ तेव्हा फक्त उत्साह होता.

दुसरी खोड मेंढीकोटची. हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवायचा ही सवय हाडात गेलेली. हातात चांगला पत्ता आला की मी धरून बसायचो, पुढे कामी येईल म्हणून. भाचा मागून पाहून राहिला होता, तो शेवटी वैतागून म्हणाला, "मामा, तू मॅना कोणासाठी वाचवून राहिला? तो उद्यासाठी उरत नाही, पाळी संपली की वाया जाते." हे मला तीन दिवसांनी कळून राहिलं होतं! ४ मॅना होता, मी २ चा पत्ता टाकला, बाकीचे २ मातीत. पाच-सहा पाळ्यांत समोरचा माझ्या दुप्पट माल टाकून मोकळा झालेला.

पण एकदा हे समजलं ना, तेव्हा मला आतून एकदम ओळखीचं वाटलं. कारण ३० पत्त्यांची गड्डी बांधणं म्हणजे दुकानाचा स्टॉक भरणंच आहे. नवीन दुकानदार काय करतो, महागडे इंजेक्शन भरतो फ्रीज भरून, दिसायला भारी दिसते, आणि रोजचं पॅरासिटामॉल संपलेलं. गिऱ्हाईक परत जाते. माझ्या पहिल्या स्वतः बांधलेल्या डेकमध्ये ७, ८, ९ मॅनाचे अकरा पत्ते होते, चित्रं मस्त होती म्हणून. पहिल्या चार पाळ्या हातावर हात. मग मी १ ते ३ मॅनाचा माल वाढवला, मधला थोडा, आणि महागाचे दोन-तीनच, जसा आमचा फ्रीज असतो. लगेच फरक पडला. गेममध्ये डेक उघडला की कोणत्या किमतीचे किती पत्ते आहेत याचा उभ्या दांड्यांचा चार्ट दिसतो, तो डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक पाहिजे, निदान आपल्यासारख्या नवख्याचा तरी.

आता नुकसानीचं सांगतो.

गेममध्ये सोनं मिळते, रोजचे आणि आठवड्याचे क्वेस्ट, म्हणजे नेमून दिलेली कामं केली की. १०० सोन्याला एक पॅक, पॅकमध्ये ५ पत्ते. माझ्याजवळ पहिल्या काही दिवसांत बऱ्यापैकी जमलं होतं आणि मी दुकानात गेलो तर पन्नास प्रकारचे पॅक, मी प्रत्येक प्रकारातला एक-एक घेत सुटलो, जत्रेतल्या पोरासारखा. फोडायला मजा येते हे खोटं नाही, तो आवाज, ती चमक. मग डेकमध्ये टाकायला गेलो तर अर्ध्याहून जास्त पत्ते टाकताच येईना. भाचा हसून हसून स्टुलावरून पडायचा राहिला. भानगड अशी की मुख्य खेळ स्टँडर्ड नावाच्या प्रकारात होतो आणि त्यात साधारण मागच्या दोन वर्षांत निघालेले पत्त्यांचे सेट चालतात, दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास जुने बाहेर पडतात. बाहेर पडलेले फक्त वाइल्ड नावाच्या दुसऱ्या प्रकारात चालतात. म्हणजे एक्स्पायरी! वीस वर्षं एक्स्पायरी पाहून माल घेणारा मी, गंजीपेठेत दवा बाजारात शॉर्ट एक्स्पायरीचा एक बॉक्स कोणी मला देऊ शकत नाही, आणि इथे मी आपल्या हाताने बाद झालेला माल भरून आलो.

त्याहून मोठं म्हणजे डस्टचं. नको असलेला पत्ता फोडला की डस्ट मिळते, त्या डस्टमधून पाहिजे तो पत्ता बनवता येतो. एक लेजंडरी आला होता मला, वॉरलॉकचा, मी वॉरलॉक खेळत नव्हतो, फोडला. ४०० डस्ट. लय खुश. दोन दिवसांनी भाच्याने व्हॉट्सॲपवर डेकचा कोड पाठवला (तो कोड कॉपी करून गेम उघडला की डेक बनवू का असं गेम स्वतःच विचारते, ही सोय भारी आहे), त्या डेकमध्ये तोच पत्ता. बनवायला किती? १६००. म्हणजे विकताना चार आणे आणि घेताना रुपया. साधा कॉमन तर त्याहून वाईट, फोडला तर ५ आणि बनवायला ४०. आमच्या धंद्यात एक्स्पायरीचा माल स्टॉकिस्टला परत केला तर क्रेडिट नोट तरी मिळते. म्हणून नवीन माणसाला मी एवढंच म्हणेन, पहिला महिना कोणताच पत्ता फोडू नका. पडू द्या.

आणि मग ती १६०० भरून काढायच्या नादात मी पैसे टाकले. एकदाच. मे महिन्यातल्या एका दुपारचा गल्ला होतो तेवढे. बँकेचा मेसेज बायकोच्या नंबरवर जाते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. रात्री जेवताना तिने विचारलं, "हे कशाचे पैसे कटले?" मी म्हटलं पत्ते घेतले. तिला वाटलं गोळ्यांचे पत्ते, होलसेलवाल्याचे. मी काही बोललो नाही, भाचा ताटात मुंडी घालून हसून राहिला होता त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळं बाहेर आलंच.

काउंटरवर खेळायचं अजून एक दुखणं म्हणजे वेळ. एका पाळीला सव्वा मिनिट मिळते, शेवटी स्क्रीनवर दोरी जळायला लागते, फटाक्याच्या वातीसारखी. नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक. एकदा मी जिंकायच्या घाईत होतो, एक काका बाहेरून म्हणे, "भाऊ, अर्ध्या तासापासून उभा आहो, एक पत्ता दे ना." मी वर न पाहता म्हटलं थांबा काका, हाच टाकून राहिलो. त्यांना ॲसिडिटीचा पत्ता पाहिजे होता. तेव्हापासून नियम केला, गिऱ्हाईक दिसलं की फोन उलटा, हरलो तर हरलो.

समोरच्याशी बोलता येत नाही हे मात्र फार चांगलं केलं आहे, शिवीगाळ नाही. ठरलेले पाच-सहाच इमोट, नमस्कार, थँक्स, वेल प्लेड वगैरे. पण माणूस त्यातही टोमणा मारते. मी एकदा चुकून सगळे पाच मिनियन, म्हणजे माझ्याकडून लढणारी पात्रं, एकदम मांडले, समोरच्या जादूगाराने (मेज क्लास) एक पत्ता टाकला, पाचही साफ, आणि वरून "ऊप्स". अंगाचा तिळपापड झाला. पण शिकलो, सगळा माल एकाच वेळी शोकेसमध्ये मांडायचा नाही.

जूनमध्ये भाचा परत गेला. ठरलं होतं रात्री दुकान बंद झालं की ऑनलाइन एकमेकांशी खेळायचं. तो मला चॅलेंज द्यायला गेला तर होईना. अर्धा तास फोनवर, मामा हे दाब, मामा ते दाब. शेवटी त्याने विचारलं, "तू कोणत्या रीजनला आहे?" मी युरोपात निघालो! तो आशियात. आणि प्रत्येक रीजनचे पत्ते वेगळे, सोनं वेगळं, डस्ट वेगळी, इकडचं तिकडे नेता येत नाही. महिन्याभराची सगळी जमा युरोपात पडलेली, त्यात ते विकत घेतलेले पण.

दोन दिवस मी गेम उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वीज गेली, इन्व्हर्टरवर पंखा गरगरत होता, म्हटलं चला, आशियात नवीन दुकान टाकू.

आणि खरं सांगतो, दुसरी सुरुवात पहिलीपेक्षा दहापट बरी झाली. उसने डेक मिळाले तेव्हा सगळे दोन-दोन डाव खेळून पाहिले आणि हंटर ठेवून घेतला. त्याची पॉवर सरळ आहे, २ मॅनात समोरच्या हिरोला २ चा फटका, विचार कमी आणि डाव लवकर संपते, काउंटरसाठी योग्य. बाकी दहा क्लासकडे ढुंकून पाहिलं नाही. कोअर सेटचे पत्ते फुकटच असतात, सुरुवातीला तेच घासले. सोनं खर्चलं नाही, हजार होईपर्यंत दम धरला, मग सगळ्यात नवीन सेटचे दहा पॅक एकदम घेतले, कारण कोणत्याही नव्या सेटच्या पहिल्या दहा पॅकमध्ये एक लेजंडरी पक्का असतो. आमच्याकडे १० वर १ ची स्कीम असते तसंच. त्यानंतर मात्र तो ४० पॅकमध्ये कधीतरी येते, म्हणून स्कीम संपली की मी पुन्हा गप्प. टॅव्हर्न ब्रॉल म्हणून एक वेगळा प्रकार आहे, त्यात आठवड्याचा एक डाव जिंकला की एक पॅक फुकट, तो सोडत नाही. डोकं थकलं असलं की बॅटलग्राउंड्स, आठ जणांचा डाव, त्याला आपले पत्ते लागतच नाही, सगळे सारखे, मला त्यात आपल्या ५२ पानांची आठवण येते. पैसे शून्य. बायको मधूनमधून मेसेज तपासते, तपासू दे.

ऑगस्टमध्ये सिल्व्हर रँकला पोचलो. भाचा म्हणे यात काय आहे, मी डायमंडला आहे. पोळ्याच्या सुट्टीत तो आला तेव्हा समोरासमोर बसून खेळलो, तो स्टुलावर, मी खुर्चीवर. पाच डावांत चार तो जिंकला. पाचव्यात त्याचे ४ हेल्थ उरले होते, तो काहीतरी मोठं जुळवून राहिला होता, हातातले पत्ते वर-खाली करून राहिला होता, दोरी जळाली, पाळी माझ्याकडे आली. मी एक २ चा मिनियन डोक्यावर मारला, वरून पॉवर. ४ पूर्ण. मग वेल प्लेड दाबलं. तो समोरच बसला होता, तोंडाने पण म्हणता आलं असतं.