नवीन पीसी घे म्हणे!

पीसी मध्येच धाडकन बंद पडायचा. सगळ्यांचं निदान एकच, "मदरबोर्ड गेला." म्हटलं, आधी फुकटातलं तपासू. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवली, एकही एरर नाही. प्रोसेसरचं तापमानही ठीक. आज मित्राचा एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, लावला, तासभर लोड दिला तरी गडी हूं की चूं करेना! जुन्याच्या जाळीतून टॉर्च मारला तर चार्ज साठवणारे दोन कपॅसिटर डोक्यावर टम्म फुगलेले. (तो डबा उघडायचा नाही हं, प्लग काढला तरी आत चार्ज राहतो.)

रॅम सेकंडहँड घेईन, पण पॉवर सप्लाय नवाच. तो जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो. घड्याळ मागे पडत होतं, त्यासाठी मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल नवा घेईन.

हार्डडिस्कचे खराब सेक्टर वाढतायत, ते वेगळंच. बॅकअप चालू आहे.