भाता चालला एकदाचा!

आज दुपारी चारला आजोबांच्या लोहारी भट्टीत विस्तव पडला. पंचवीस वर्षांनी!

भात्याचं चामडं एरंडेल चोळून मऊ होईल असं वाटलेलं, पण घड्यांवर पार चिरा. नवीनच घालावं लागलं. फळ्या आणि नळी मात्र जुनीच. तरी वारा येईना! सगळी सकाळ गळती शोधण्यात गेली, आणि निघालं काय, तर आतल्या झडपेवर कुंभारमाशीने घर बांधलेलं.

भट्टीचं लिंपण आठ दिवस सावलीत वाळवलं होतं. काकांची सक्त ताकीद, "घाई केलीस तर पहिल्याच जाळाला तडकेल."

लाकडी कोळसा टाकला. ट्रकच्या जुन्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, तुकडा तापत घातला, खुरप्यासाठी. लाल दिसताच मी सांडशीने उचलला, तर काका ओरडले, "ठेव ठेव! नारिंगी होऊ दे." म्हणजे साधारण हजार अंश सेल्सिअस, पण काकांकडे थर्मामीटर कधीच नव्हता, भट्टीवर सावली धरून ते नुसता रंग बघतात. शेवटी पाणी दिलं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक केलं, तेही फक्त धारेला. सगळंच बुडवलं तर घावाला तुटतं.

दंडाचे गोळे अजून ठणकतायत. खुरपं वाकडंच झालंय. काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "तण हसेल रे."