मुलाची ग्लुकोज टेस्ट: तीन खेपा आणि एक रिपोर्ट

माझा मुलगा 11 वर्षांचा, वजन 58 किलो. मानेच्या मागे काळपट जाडसर पट्टा होता, तो मळ समजून मी वर्षभर घासत होते, त्याची मान लाल व्हायची, आठवलं की आजही पोटात कालवतं. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हा मळ नाही, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याची खूण आहे. उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हर आणि ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट लिहून दिली.

बाकीचं रक्त एका सकाळी झालं. अडलो ते ग्लुकोजच्या टेस्टला. काउंटरवर म्हणाले, "पीपी ना? घरी जेवून दोन तासांनी आणा." मला फरक माहीत नव्हता, आणलं. 118 आली, घरात सगळे खूश. डॉक्टर म्हणाले ही ती टेस्टच नाही. ग्लुकोज मोजून पाजायचं असतं, किलोमागे 1.75 ग्रॅम, जास्तीत जास्त 75, आणि बरोबर दोन तासांनी रक्त. जेवणात काय किती खाल्लं त्याचा हिशोब नसतो म्हणून पीपीवरून हे ठरवता येत नाही.

दुसऱ्या खेपेला त्याने ते गोड पाणी एका दमात संपवलं आणि 40 मिनिटांनी उलटी केली. टेस्ट रद्द. आणि तिथली बाई म्हणते, "थोडं तर पोटात राहिलंय, घेऊन टाकू का?" मी नाही म्हटलं. मुलगा रडवेला, उपाशी, हाताला टोचलेलं, आणि आम्ही परत घरी. त्या दिवशीचा राग अजून गेलेला नाही, कारण मी हो म्हटलं असतं तर एक खोटा आकडा हातात आला असता आणि आम्ही निर्धास्त झोपलो असतो.

तिसऱ्यांदा जायच्या आधी फोन करून विचारलं, ग्लुकोज पाजून दोन तास बसवून घेता का, हे तुम्हीही आधीच विचारा. गार पाणी, एका दमात नाही पण पाच मिनिटांच्या आत. दोन तास एका जागी बसायचं, पळापळ नाही. तरी दीड तासाने हाक मारलीच, "गर्दी नाहीये, या." मी उठले नाही. 120 मिनिटं झाल्यावरच हात पुढे केला.

उपाशीपोटी 96, एचबीएवनसी 5.6, दोन्ही नॉर्मल. दोन तासांची 152. 140 ते 199 म्हणजे डायबेटिस नाही पण त्याच्या अलीकडची पायरी. तेवढ्या एका आकड्यासाठी तीन खेपा घातल्या आणि बरं झालं घातल्या.

हो, आणि आधीचे तीन दिवस खाणं मुद्दाम कमी करू नका, आम्ही पहिल्या वेळी केलं होतं, त्याने निकाल बिघडू शकतो. ताप असेल तर पुढे ढकला.

लिपिडचा रिपोर्टही नीट बघा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, 148, शेजारी छापलेलं "150 पर्यंत नॉर्मल", पण ती रेंज मोठ्यांची. 10 ते 19 वयात 130 पासूनच जास्त धरतात. रक्तवाहिन्यांत चरबी साठायला लहानपणीच सुरुवात होऊ शकते, त्यामुळे हे आत्ताच बघायचं असं डॉक्टरांनी समजावलं. बीपीलाही तसंच, 13 वर्षांखाली मुलाचं वय आणि उंची बघून तक्ता लावतात, आणि दंडाच्या मानाने पट्टा छोटा असेल तर बीपी उगाच जास्त दिसतं, आमचं दिसलं, मोठा पट्टा लावल्यावर उतरलं.

आता सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट आहे. मुलाने आत्ताच सांगून ठेवलंय, ह्या वेळी घड्याळ तो लावणार.