तोंडी सांगितलं होतं की, साहेब!

निवडणूक जवळ आली की मला एक प्रश्न हमखास येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, एसटी स्टँडवरच्या टपरीवर येतो, भर कोर्टाच्या व्हरांड्यातही येतो. “वकीलसाहेब, लोकशाही वाचवायच्या गोष्टी तुम्ही मंडळी एवढ्या करता, पण कोर्टात जाऊन निवडणुकीचं कधी काही होतं का हो?” विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो, मोठी भाषणं मला जमत नाहीत. पण विचारलंतच म्हणून सांगतो. होतं. क्वचित होतं, आणि जिथे होतं तिथे त्या-त्या दिवशी कुणीतरी कागद केलेला असतो.

आमचं खरं काम मतदानाच्या कितीतरी आधी, उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी असतं. ग्रामपंचायतीचा अर्ज उडवायचा लाडका मार्ग म्हणजे थकबाकी. समोरचा गट घरपट्टीची बाकी असल्याचा दाखला आणतो आणि टेबलावर ठेवतो. त्यावर शिक्का असतो, सही असते. नवखा निवडणूक निर्णय अधिकारी तेवढं बघूनच अर्ज बाद करायच्या बेतात येतो. एकदा एका शेतमजूर बाईंचा अर्ज असाच जाता जाता राहिला. मी एवढंच विचारलं, “बिल बजावलं होतं का? पोच दाखवा.” कायद्यात नुसती बाकी असून भागत नाही. मागणीचं बिल रीतसर बजावलेलं असावं लागतं आणि मागणीनंतर तीन महिन्यांत पैसे भरलेले नसावे लागतात. ग्रामसेवक रजिस्टर चाळत बसले, पानं संपली, पोच काही निघाली नाही. अर्ज वैध ठरला. बाई पुढे पडल्या, चांगल्याच फरकाने पडल्या. पण त्यांना मतदारांनी पाडलं, आणि तो हक्क मतदारांचाच होता. त्या दिवशी फी वसूल झाल्यासारखं वाटलं. (प्रत्यक्षातली फी अजून यायची आहे.)

निकालाच्या संध्याकाळी मात्र जीप दारात येऊन थांबते आणि सगळे एकदम बोलायला लागतात. “साहेब, फेरमोजणी लावा, थोडक्यात गेलो!” मी विचारतो, तिथे लेखी अर्ज दिला होता का? “तोंडी सांगितलं होतं की, साहेब! चांगलं ओरडून सांगितलं.” आता काय बोलणार? विधानसभा-लोकसभेच्या मोजणीत नियम ६३ आहे. आकडे वाचून दाखवल्यानंतर आणि निकाल जाहीर होण्याआधी उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी कारणं देऊन लेखी अर्ज करू शकतो. अधिकाऱ्याला तो फेटाळायचा असला तरी कारणं लिहूनच फेटाळावा लागतो. पण मधला वेळ मिनिटांचा असतो. तेवढ्यात आमचा माणूस पेन शोधत असतो, किंवा रडत असतो.

तीच गत सतरा-सीची. मतदान संपलं की केंद्राध्यक्षाने प्रत्येक उमेदवाराच्या बूथवरच्या प्रतिनिधीला नमुना १७-सीची नक्कल द्यायची असते. त्यात यंत्राचे क्रमांक असतात, नोंदलेल्या एकूण मतांचा आकडा असतो. मोजणीला यंत्र समोर आलं की हा कागद शेजारी धरायचा आणि ताडून बघायचं. कार्यकर्ते दिवसभर उन्हात जिवाचं रान करतात आणि संध्याकाळी हा कागद न घेताच जेवणावळीला पळतात. मग पुढचे दोन महिने व्हॉट्सअॅपवर “मतं वाढली कशी?” बैल गेला आणि झोपा केला.

तोंडी कारभार फक्त गावातच चालतो असं समजू नका. देशातला सगळ्यात गाजलेला निवडणूक अर्ज, म्हणजे निकालाला कोर्टात आव्हान देणारा अर्ज, बराचसा अशाच एका तारखेवर फिरला. १९७१ साली रायबरेलीत इंदिरा गांधी लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या, हरलेल्या राजनारायण यांनी अलाहाबाद हायकोर्टात अर्ज केला. त्यांचे वकील होते शांतिभूषण. बाईंचं काम बघणारे यशपाल कपूर सरकारी नोकरीत होते. त्यांनी राजीनामा १३ जानेवारीला दिला, तो मंजूर झाल्याची अधिसूचना निघाली २५ जानेवारीला. बाईंची बाजू म्हणाली, राजीनामा आधीच तोंडी मंजूर झाला होता. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी तोंडी मंजुरी मानली नाही. हा एक मुद्दा आणि सभांची व्यासपीठं, वीज यांसाठी सरकारी अधिकारी राबवल्याचा दुसरा, एवढ्यावर १२ जून १९७५ ला पंतप्रधानांची निवडणूक रद्द झाली. पुढे सरकारने कायदाच मागच्या तारखेपासून बदलला, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणूक कायम ठेवली. पण पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेर नेणारं ३९व्या घटनादुरुस्तीतलं कलम त्याच निकालात रद्द झालं. मला हे दुसरं जास्त मोठं वाटतं.

इथे कुणीतरी हटकून विचारतं, “पण तुम्ही उद्या समोरच्याचंही वकीलपत्र घ्याल ना?” घेईन. हायकोर्टाच्या त्या निकालाला सुप्रीम कोर्टात स्थगिती मागायला इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिले मुंबईचे नानी पालखीवाला. २४ जूनला सशर्त स्थगिती मिळाली, २५ ला रात्री आणीबाणी आली, आणि पालखीवालांनी वकीलपत्र परत केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येणार नाही असं सांगणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल फिरवायचा प्रयत्न झाला, तेव्हा ते सरकारच्या विरोधात उभे होते. पक्षकार घेणं आणि त्याच्या मागे कुठवर जायचं हे ठरवणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. सगळ्यांना येतात असं नाही.

आणि आमच्या धंद्याचं झाकायचं तरी किती? विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक घ्या. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून मुंबई हायकोर्टाने डॉ. रमेश प्रभूंची निवडणूक १९८९ मध्ये रद्द केली. सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब झालं डिसेंबर १९९५ मध्ये, तोवर ती विधानसभाच इतिहासजमा झाली होती. निवडणूक अर्ज सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायद्यात लिहिलेलं आहे. तारखा मागणारे आम्हीच. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तरी निवडणूक लागेना. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टालाच चार आठवड्यांत अधिसूचना काढा म्हणून सांगावं लागलं. त्यातल्या प्रत्येक बाजूच्या वकिलाकडे योग्य मुद्दा असेलही. शहर मात्र तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाती होतं.

ठरवलं तर वेगही येतो. चंदीगडच्या महापौरपदासाठी ३० जानेवारी २०२४ ला मतदान झालं. पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि १६ मतंवाला उमेदवार विजयी झाला. अधिकारी मतपत्रिकांवर खुणा करताना कॅमेऱ्यात दिसत होता. सुप्रीम कोर्टाने त्या मतपत्रिका मागवून बघितल्या आणि २० फेब्रुवारीला ती आठ मतं धरून हरलेले ठरवलेल्या कुलदीप कुमार यांना २० मतांनी महापौर घोषित केलं. पद एकाच वर्षाचं होतं, तेव्हा रेंगाळून चालणारच नव्हतं.

आमच्या तालुक्यात २१ दिवसांत नोटीस बजावून आली तरी नशीब. शिवाय ग्रामपंचायतीचा निवडणूक अर्ज निकालापासून १५ दिवसांत दाखल करावा लागतो, आमदार-खासदारांच्या निवडणुकीचा हायकोर्टात ४५ दिवसांत. निम्मे लोक ती मुदत रागावण्यात घालवतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, यायचं तर उमेदवारी अर्ज भरायच्या आधी या, बूथवर बसणाऱ्या पोरांनाही घेऊन या. काम तासाभराचं असतं आणि फीही कमी लागते.