गोळ्या चुकवल्या तर आत का टाकत नाहीस?

सुट्टीत सांगलीला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "तुझ्या देखरेखीतला माणूस गोळ्या घेत नसेल, तर सरळ आत का टाकत नाहीस?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी अमेरिकेत प्रोबेशन ऑफिसर आहे. प्रोबेशन म्हणजे गुन्हा शाबीत झाला, तरी तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींवर घरी राहायचं. आपल्याकडेही १९५८ च्या कायद्यानं ही सोय आहे. माझ्याकडे मात्र स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा गंभीर मानसिक आजारांचीच माणसं येतात. एरवी एकेका ऑफिसरकडे शंभरावर केसेस असतात, माझ्याकडे पंचेचाळीसच्या आत.

पूर्वी मीही शंभर केसेस हाकायचे. एक तरुण सकाळी नऊच्या भेटीला तीनदा आला नाही. अटी मोडल्याचा रिपोर्ट मी दिला, तो आत गेला. सुटला तेव्हा औषधांची घडी विस्कटलेली, भाड्याची खोलीही गेलेली. रिपोर्टमधलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तो का येत नाही, हे मात्र मी विचारलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यातला माणूस उलट. नऊच्या ठोक्याला हजर. पण खुर्ची भिंतीला टेकवून, दारावर नजर ठेवून बसायला लागला. मी त्याच्या घरी गेले. ओट्यावर गोळ्यांची आठवड्याची डबी होती. सकाळचे कप्पे रिकामे, रात्रीचे सगळे भरलेले. डबी मी दोघांच्या मध्ये ठेवली आणि गप्प बसले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "रात्रीची घेतली की दुपारपर्यंत डोळा उघडत नाही. मग तुमची वेळ चुकेल."

माझी वेळ पाळण्यासाठी तो गोळी टाळत होता!

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस बदलला, मी भेट दुपारी तीनला नेली.

याला लाड म्हणू नका. कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मी कोर्टात जातेच. पण धमकी आधी आणि चौकशी नंतर, हा क्रम मला चुकीचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ जेनिफर स्कीम आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे, प्रोबेशनवरच्या ३५९ मानसिक रुग्णांचा. दोन वर्षांत पुन्हा अटक झालेले नेहमीच्या प्रोबेशनवर निम्म्याहून जास्त, अशा खास देखरेखीखाली तिसऱ्या हिश्शाहून कमी.

त्या पहिल्या तरुणाला दुपारची वेळ दिली असती तर तो आला असता का, हे आता मला कळायचं नाही.