बाजेवरचा यजमान

परवा मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, बडगीत ठेचा कुटला जात होता, आणि पुतण्या बांधावर बसून मोबाइलवर कुणाची तरी तीन तासांची मुलाखत पाहत होता. तीन तास! त्यातली चाळीस मिनिटं मुलाखत घेणाराच बोलत होता. मी विचारलं, "हा पाहुणा आहे की तो?" पुतण्या म्हणाला, "काका, तो होस्ट आहे."

होस्टला मराठीत काय म्हणायचं, हा घोळ जुनाच. निवेदक म्हणावं तर तो बातम्या वाचतोय असं वाटतं, सूत्रसंचालक म्हटलं की गॅदरिंग आठवतं. खरा शब्द यजमान. पण आमच्याकडे बायका 'यजमान' म्हणून नवऱ्याचा उल्लेख करतात, त्यामुळे टीव्हीवर तो कुणी वापरायला धजत नाही. मला मात्र तोच पटतो. कारण माणूस बोलता करणं हे शेवटी पाहुणचाराचंच काम आहे.

लहानपणी मुंबईला मावशीकडे गेलो की तबस्सुम दिसायची. टीव्हीवरचा तिचा गप्पांचा कार्यक्रम 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' १९७२ मध्ये सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. मोठमोठे नट तिच्यासमोर नुकत्याच माहेरी आलेल्या लेकीसारखे मोकळे व्हायचे. तिच्या हसण्यातच अर्धं स्वागत असायचं.

तिकडे अमेरिकेत 'टुनाइट शो' १९५४ मध्येच सुरू झाला होता. पहिला यजमान स्टीव्ह ॲलन. पुढे जॉनी कार्सननं १९६२ ते १९९२, तब्बल तीस वर्षं, ती खुर्ची सांभाळली. त्याच्यासमोर टेबल, बाजूला पाहुणे. टेबल मला जरा खुपतं. टेबलामागे बसलेला माणूस कितीही गोड हसला तरी तलाठी वाटतो. पण कार्सनचा गुण असा की पाहुण्याचा विनोद जमला तर तो स्वतः पोट धरून हसायचा. पाहुण्याच्या ताटातला घास उचलायचा नाही. १९६७ मध्ये ओहायोतल्या डेटन गावातून फिल डॉनह्यूचा शो सुरू झाला, आणि तो तर माइक घेऊन थेट प्रेक्षकांतच शिरायचा. पंगतीत "अजून घ्या, अजून घ्या" करत फिरणारा वाढपी बघावा तसा. ओप्रा विन्फ्रीनं १९८६ पासून पंचवीस वर्षं जे केलं, त्याची वाट त्यानंच पाडली.

आणि आपल्याकडे २००४ मध्ये 'होम मिनिस्टर' आला. आदेश बांदेकर भावोजी होऊन लोकांच्याच घरात शिरले आणि सगळा मामलाच उलटा झाला. यजमान पाहुणा, आणि घरची बाई यजमान. तिला कधी कुणी "तुम्ही कशा आहात?" एवढं विचारलं नसेल, ते तिथं विचारलं जायचं. पैठणी नंतरची गोष्ट.

आमचे आबा मात्र कधीच कुठला कार्यक्रम बघत नसत. ओट्यावर बाज टाकून बसायचे. रस्त्यानं नवं पोरगं दिसलं की हाक, "तू कोना आंडोर शे रे?" म्हणजे, कुणाचा मुलगा तू? मग बाजेवर सरकून जागा द्यायचे आणि गप्प बसायचे. ही गप्प बसण्याची कला टीव्हीवाल्यांना फार महाग जाते. तिथं दोन सेकंदांची शांतता म्हणजे बिघाड. आबांकडे शांतता फुकट होती. पोरगं आपसूक बोलायला लागायचं. बाप, पीक, मोडलेली सोयरीक, सगळं.

आबा आता नव्वदीला आले. भरीत झाल्यावर पुतण्यानं त्यांच्यासमोर मोबाइल उभा केला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आबा, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा संघर्ष सांगा."

आबांनी मोबाइलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तू जेवना का?"

अकरा मिनिटांचा व्हिडिओ झालाय. त्यात आबा विचारताहेत आणि पुतण्या त्याच्या नोकरीचं, शहरातल्या खोलीचं, न जमणाऱ्या लग्नाचं सांगतोय. मागे कुणीतरी केळीच्या पानावर कळण्याची भाकरी टाकतंय.